कालचा घोट

आमचा ठोक्या गॅरेजात गाड्यांचे पोचे काढायचा आणि बाहेर माणसांना पाडायचा. गर्दचं व्यसन सुटावं म्हणून तो रोज दवाखान्याच्या खिडकीशी मेथाडोनचा घोट प्यायचा. त्या सकाळी औषध देणाऱ्या ताईंनी त्याचे पिवळे डोळे पाहिले आणि बाटली मागे घेतली.

“आज नाही. लिव्हर बिघडलंय तुमचं. धडधाकट माणसाच्या अंगातलं निम्मं औषध दिवस-दीड दिवसात उतरतं. तुमच्यात किती मुक्काम करेल, सांगता येत नाही. त्यावर आणखी घेतलंत तर गुंगीतच श्वास थांबेल.”

“कालचं कधीच उतरलं, बाई. द्या गुमान.”

त्याने कमरेला खोचलेल्या हातोड्याने काच फोडली, आत हात घालून ताईंची मान धरली आणि त्यांचं तोंड फळीवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली, तरी त्यांनी पोटाशी धरलेली बाटली सोडली नाही. त्याने पुन्हा हातोडा उगारला. हातोडा त्याच्या स्वतःच्या डोक्यापर्यंत वर गेला आणि तिथेच त्याला डुलकी लागली. ठोक्या हातोड्यासकट फरशीवर कोसळला आणि घोरू लागला.

ताई नाक दाबत बाहेर आल्या. डॉक्टरांना हाक मारून त्यांनी त्याला कुशीवर वळवलं आणि त्याचे श्वास मोजत म्हणाल्या, “उतरलंय म्हणे.”