सहा कोर अन् काया पडदा

पोरगी झाली म्हणून आमचे हे पुण्याच्या कंपनीतून घरी आले, अन् मंग म्हणे आता जातच नाही, घरीच कंप्युटरवर गेम खेळीन, लोकायले यूट्यूबवर दाखवीन, त्यातच कमाई. चाललं त घरी, नाही चाललं त परत पुणे. मले तेवढंच आयकू आलं, परत पुणे. तीन महिन्याची पोरगी, सासूबाईचं तोंड, अन् मी एकटी. म्हणून मी बी म्हणलं, घ्या बाप्पा कंप्युटर.

प्रोसेसर सस्तातला पाहाचा होता. आठ दिवस हे खाटीवर पडून व्हिडिओ लावत. पाहत हे, आयकत मी, कारण पोरीले पाजत मी बाजूलेच बसेल. त्यातला माणूस घसा फोडून सांगे का काही प्रोसेसरात चित्र दाखवाची सोय आतच असते, काहीत नसते, नसली त ग्राफिक कार्ड अलग घ्या लागते, नाही त पडदा कायाच राह्यते, काहीच दिसत नाही. हे नेमकं तेवढंच पुढं ढकलत अन् बंदुकीचा गेम पाहत.

रिसोडच्या दुकानात यायनं प्रोसेसर निवडला कसा, त मोटरपंपावानी. "हा चार कोरचा, हा सहाचा, अन् भाव सारखाच? मंग सहाचाच द्या न भाऊ. जेवढे एचपी तेवढं पाणी." हिरीवरची मोटर दोनदा जाळेल माणूस दुकानात एचपी शिकवून राह्यला होता.

दुकानदार म्हणे, "चारच्यातून चित्र निघते, सहाच्यातून नाही निघत. कार्ड हाये न घरी?"

"हो हो, हाये न."

काहीच नव्हतं. पर दुकानदारासमोर नाही म्हणाची यायले लाज. मी मागून सदरा ओढला, "अहो, आपल्या घरी कुठं हाये कार्ड?"

"तू पोरीकडं पाह्य."

भेवानं मी पोरीकडं पाह्यलं.

दुकानदारानं सगळं बसवून देलं अन् म्हणे, एकदा चालू करून दाखवतो. त यायनं त्याचा हातच धरला. घरून सासूबाईचा हुकूम होता, पूजा झाल्याबिगर बटन दाबाचं नाही. नवी मोटर असो का गाडी, आमच्या घरी सगळ्याचं असंच.

घरी हळद-कुंकू वाह्यलं, नारळ फोडलं, बटन दाबलं. पंखे घरघरले, लाल-निये लाईट लागले, अन् पडदा काया.

यायचा दोस्त पेढ्यासाठी येऊन बसेल होता. तो म्हणे, "वयनी, नजर लागली. मिरच्या उतरवा." सासूबाई खरंच मिरच्या आणाले गेल्या. हे वायरी काढत, लावत, कंप्युटरच्या डब्याले थापट्या मारत, जसा बसेल बैल उठवून राह्यले. मंग खाली बसले अन् म्हणे, "जातो मी पुण्याले. आपल्या नशिबातच नाही."

मले काय झालं कोण जाणे, एका दमात बोलून गेली, "नशिबाचं काही नाही, प्रोसेसरातच चित्र नाही, कार्ड नाही आपल्याकडं, चारचा आणा."

"नववी नापास अन् मले शिकवते?"

"नापास हाये. बहिरी नाही."

दोस्त हासला. हे नाही हासले.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत रिसोड. हे दुकानाबाहेर फोनवर बोलाचं नाटक करत उभे, कारण आत जाऊन आपलं खोटं कोण कबूल करन? आत मी गेली, पोरगी खांद्यावर. "भाऊ, कार्ड नाही आमच्याकडं. नवऱ्यानं खोटं सांगतलं."

"ताई, मी इचारलं होतं."

"इचारलं होतं. चूक आमचीच, म्हणून त मी आली."

तो दोन मिनिट कुरकुरला, मंग चारचा बसवला अन् तिथंच चालू केला. चित्र आलं. बाहेरून ते पाहून हे आत आले अन् दुकानदाराले म्हणे, "मी म्हणतच होतो, चारचाच बरा."

मी पोरीचं टोपरं बांधत राह्यली. एक शब्द बोलली असती त रागारागानं पुण्याची गाडी धरली असती यायनं. हाये तसा का होईना, घरी हाये.