नळातून गुलाबी यायला हवं होतं

शेवटचं चेकिंग म्हणून नळ उघडला आणि घाबरून लगेच बंद केला. गुलाबी यायला हवं होतं. आलं चक्क स्वच्छ पाणी!

स्वच्छ पाण्याला बाई एवढी घाबरते कशाला, म्हणाल. सांगते. बुकित बातोक भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही व्हॅनचं राहतं घर करून देतो. बेड, शेगडी, टॉयलेट, सगळं. प्लंबिंग माझ्याकडे. बघून बघून शिकलेली मी! ही व्हॅन सायलीची. इथल्याच वन-नॉर्थ भागातल्या लॅबमध्ये रिसर्च करायची, आता बदली जपानच्या उत्तरेला. तिचे बाबा व्हीलचेअरवर, म्हणून त्यांचा हात पोचेल असं बेसिन मी मुद्दाम खाली बसवलेलं. व्हॅन तिथे हिवाळाभर बर्फात उभी राहणार होती. पाइपात पाणी राहिलं की गोठतं, गोठलं की फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून पाणी काढून न गोठणारं गुलाबी औषध भरतात. ते मी आदल्या दिवशीच भरलं होतं. आणि आता दुपारी ट्रक येणार, व्हॅन बंदरावर जाणार!

"मिस्टर लिम! व्हॅनला हात कोणी लावला?"

"मीच, आंटी," वर्कशॉपचे मालक, आमचे साहेब, एकदम खुशीत. "डेंग्यूचे इन्स्पेक्टर शेजारच्या युनिटमध्ये आलेले. तुमच्या व्हॅनच्या टॉयलेटमध्ये पाणी साचलेलं, तेही गुलाबी! टाकी भरली, सगळे नळ सोडले, धुऊन काढलं. व्हेरी क्लीन, लाह!" इथे वाक्याच्या शेवटी हे 'लाह' लावतातच.

साचलेलं पाणी दिसलं की इथली माणसं साप दिसल्यासारखी धावतात. "पण अहो, ते औषध होतं!" मी ओरडले.

"मग दुसरं आणा ना."

"कुठून? इथे हिवाळा आहे का? परदेशातून मागवलेलं ते. आता कॅनच्या तळाशी आहे तेवढंच."

साहेबांचा चेहरा पडला. "आणि शिप चुकली तर?"

"कॉम्प्रेसर आणा. बाह्या वर करा."

टाकी आणि गीझर रिकामा केला. मग उरलेलं पाणी हाकलायला पाइपात हवा सोडली, अगदी बेताची. जोर जास्त झाला तर सांधेच निखळतात. साहेब एकेक नळ उघडत होते आणि मी ओरडत होते, "अजून थेंब येतोय, बंद नका करू!" शेवटी नुसती हवा फुसफुसली. बेसिनखाली आणि टॉयलेटमध्ये थोडं पाणी थांबतंच, ते उपसून तिथे उरलेलं गुलाबी ओतलं. तोवर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

हिवाळाभर मला त्या पाइपांचा घोर. बर्फ वितळल्यावर सायलीनं टाकी भरली आणि तिचा व्हिडिओ आला. बाबांनी खुर्चीतूनच हात लांबवला, नळ सोडला. नळ दोनदा खोकला आणि पाणी आलं. "ताई, कुठे थेंब गळत नाही हो!"

तेव्हापासून गुलाबी भरलं की मी व्हॅनच्या दारावर पाटी लावते. पाणी नाही, औषध आहे, हात लावू नये. आणि लावते ती बरोबर साहेबांच्या डोळ्यांच्या उंचीवर.