मागचा अ‍ॅक्सल आणि सेर्वामावशी

सुआमेच्या गॅरेज-वस्तीत फिटर हजारो. त्यातले बहुतेक गाडी बघण्याआधीच बढाया मारायला लागतात. सेर्वामावशी तशी नाही. ती आधी जेवते.

मी तिच्याकडे माझी ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची प्रवासी व्हॅन, नेली तेव्हा ती आंबवलेल्या मक्याचा केंके आणि तळलेली मासळी खात होती, आणि माझं डोकं तापलेलं होतं. गाडी सारखी उजवीकडे, गटाराकडे ओढायची. स्टिअरिंग डावीकडे दाबून दाबून खांदा निकामी झाला होता. दोन ठिकाणी यंत्रावर पुढची अलाइनमेंट केली, फरक शून्य. मालक अदुसेईंनी तर निकालच देऊन टाकला होता, "गाडी सरळ आहे बादू, तुझा हात वाकडा आहे. आज दोष सापडला नाही तर किल्ली दुसऱ्याला." अकरा वर्षं टेचिमानचा रस्ता तुडवतोय मी! ही गाडी माझ्याकडे येऊन चारच महिने झाले होते, म्हणून काय हात वाकडा? वर हे गृहस्थ तमाशा बघायला सोबत आलेले.

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "त्या लाल मातीवर दोन बादल्या पाणी ओत, आणि गाडी सरळ ने वरून."

"मावशी, गाडी बघणार की माती?"

"चालव रे शहाण्या."

चालवली. मावशी बोटं चाटत आली आणि ठशांवर वाकली. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांवर पडायचे सोडून चार बोटं डावीकडे पडले होते. अरे देवा! इतक्या वर्षांत मी स्वतःच्या गाडीचे ठसे एकदाही वळून बघितले नव्हते.

"पुढची चाकं बिचारी निर्दोष," ती म्हणाली. "मागचा अ‍ॅक्सल तिरका बसलाय. तो मागून ढकलतोय, आणि तू पुढं बसून भांडतोयस."

मग तिनं सुतळी काढली. उजवीकडे स्प्रिंगच्या पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलपर्यंत ताणली, गाठ मारली. तीच सुतळी डावीकडे लावली, तर दोन बोटं कमी पडली. डावी बाजू मागं सरकलेली. दोन यंत्रांना जे दिसलं नाही ते सुतळीनं दाखवलं!

ती गाडीखाली शिरली, मीही शिरलो. याम कंदांच्या हंगामात आमच्याकडे सगळेच ओझ्यासाठी जादा पाटा घालतात. तो घालताना पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात बसायला हवं. इथं ते भोकाबाहेरच चेपलं होतं. कुणीतरी घाईत वरून आवळून टाकलं होतं.

"कुठल्या गाढवाचं काम हे?" मी म्हणालो.

मावशीनं नटावरचा चिखल खरवडला. सुआमेत प्रत्येक फिटर आवळलेल्या नटावर आपल्या रंगाचा ठिपका देतो, दुसऱ्याचं पाप आपल्या माथी नको म्हणून. मावशीचा रंग निळा. चिखलाखालचा ठिपकाही निळाच होता.

तिच्या हातात रॉकेलचा बोळा होता. एकदा फिरवला की ठिपका पुसला, संपलं. खोटं कशाला बोलू, मी तर फिरवलाच असता.

"अदुसेई!" ती खालूनच ओरडली. "हा पाटा कुणी बसवला?"

"तूच की. बादू यायच्या आधी."

"मग नीट ऐका. बोल्ट भोकात गेलाय का ते न बघता मी नट आवळले. या पोराचा हात सरळ आहे. चूक माझी आहे."

आजूबाजूच्या हातोड्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "हळू बोल मावशी, गिऱ्हाईकं ऐकतायत."

"ऐकू देत. म्हणून तर ओरडतेय."

मावशीनं नट सैल करून बोल्टचं डोकं भोकात बसवलं आणि पुन्हा आवळलं. अदुसेईंनी दुसरीकडे बघत गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. माफी कसली मागतात ते! संध्याकाळी मी सरळ रस्त्यावर क्षणभर स्टिअरिंग सोडलं. गाडी सरळ गेली, आणि मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारावरून निघालो तर बाहेर नऊ ट्रोट्रो उभ्या. त्या हंगामात जिच्या जिच्यात पाटा घातला होता, ती प्रत्येक गाडी तिनंच निरोप धाडून परत बोलावली होती. मावशी रांगेतल्या दुसऱ्या गाडीखाली होती, पाय तेवढे दिसत होते. मी पहिली फेरी सोडली आणि तिसऱ्या गाडीला जॅक लावायला घेतला.