मिसनातीचं गप्प राहणं

जावातल्या आमच्या बोंदोवोसोत तापे करणाऱ्या बायका पुष्कळ, पण गिऱ्हाईक ताटकळायचं ते मिसनातीच्याच दारात. साबुदाणा ज्यांचा करतात ते कंद वाफवायचे, गार करायचे, वर विरजणाची पूड भुरभुरायची आणि केळीच्या पानांत झाकून करंडीत निजवायचे. दोन दिवसांनी मधासारखे गोड. पण विरजण घालताना तोंड उघडायचं नाही, उघडलं की तापे आंबट, असा आमच्याकडचा नेम. बाकीच्या जणी हळूच हूं-छे करायच्याच. मिसनाती नाही. नवऱ्यामागे दोन करंड्यांवर धंदा मांडला, दोनाच्या चाळीस झाल्या, तरी विरजण तिच्याच हातचं.

शेजारची बुना म्हणायची, "घर पेटलं तरी ही आधी करंडी झाकेल, मग बोंब मारेल."

त्या दुपारी लग्नघरची मोठी मागणी होती. एकुलती एक लेक होस्निया पिशवी घेऊन दारात आली. मलेशियात घरकामाला जाऊ की नको, असं तिचं महिनाभर चाललेलं, आणि आता न्यायला गाडी आलेली.

"इबू," तिने आईला म्हटलं, "तू फक्त 'जाऊ नको' म्हण, की पिशवी आत ठेवते."

मिसनातीने वर पाहिलं. हातात विरजण, अर्धी करंडी भरायची. एवढं होऊ दे, मग बोलते, असं मनाशी म्हणून तिने मान खाली घातली. शेवटचं पान झाकून धावली, तोवर गाडी निघून गेली होती.

तापे असे गोड उतरले, की लग्नघरच्यांनी आणखी सहा करंड्या मागवल्या.

आता बायकांना धंदा शिकवणाऱ्या संस्थेची बाई नव्या पोरींना सांगते, "धंद्याला शिस्त हवी, ती मिसनातीबाईंकडून शिका." मिसनाती म्हणते, "माझं काय शिकताय!" सगळ्यांना तो विनय वाटतो.

अकरा वर्षांनी परवा तिने फोनवर विचारलं, "पोरी, मी त्या वेळी बोलत नाही, ठाऊक होतं ना तुला? जरा थांबायचंस."

"ठाऊक होतं म्हणून तर तेव्हाच विचारलं. वाटलं, माझ्यासाठी एवढी एक खेप नासवशील."

"आता ये गं. सगळ्या नासवते."

होस्निया हसली. "आता कुठली येते, इबू? पोरांच्या शाळा इथं, यांचं काम इथं."

पलीकडे नातवंडं कशावरून तरी भांडत होती. मिसनाती ते ऐकत बसली, लेक "ठेवते हं" म्हणेपर्यंत.