शुगरनं नाही गेली अक्का

भाच्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या मंडईत दोडके निवडत होतो. 'मामा, आई गेली...' एवढंच तो म्हणाला. अंगणातल्या ओल्या फरशीवरून पाय घसरला, डोक्याला मार लागला आणि माझी थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का, औशाच्या दवाखान्यात तासाभरात संपली. याला महिना झाला. तरी भेटायला येणारं प्रत्येक माणूस मान हलवून म्हणतं, शुगर होती ना! होती. सतरा वर्षं होती. पण अक्का शुगरनं गेली नाही, हे मला ठासून सांगायचं आहे.

आमच्या आईचे डोळे मात्र शुगरनंच गेले. शेवटी शेवटी ती आम्हाला हात चाचपून ओळखायची. म्हणून अक्काला शुगर निघाली तेव्हा तिनं एकच धास्ती घेतली, डोळ्यांची. साखरेचा चहा त्याच दिवशी सोडला. चुकली ती उपवासात. उपवासाचं म्हणजे हलकं, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. श्रावणी सोमवारी अक्का ताटभर साबुदाण्याची खिचडी खायची, वर अर्धापूरच्या लेकीनं धाडलेले केळीचे वेफर्स, आणि आज शुगरला उपाशी ठेवलं म्हणून खुशीत असायची. एका सोमवारी दुपारी पोथीची अक्षरं पुसट दिसू लागली. भाच्यानं घरच्या मशीनवर बोट टोचून पाहिलं, तर आकडा तीनशेच्या पुढं. अक्का आधी घाबरली, मग चिडली. पुढच्या सोमवारी तिनं मुद्दाम भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि दोन तासांनी स्वतःच बोट पुढं केलं. आकडा बराच खाली होता. डॉक्टरांनीही सांगितलं, साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ, त्याची रक्तात लगेच साखर होते. शेंगा चालतील, पण मूठभरच.

गल्लीतल्या महादेवाच्या देवळात सोमवारी भजनानंतर एकेका घरचा फराळ असतो. अक्काची पाळी आली तेव्हा तिनं खिचडी केलीच नाही. शेंगा, काकडी आणि बिनसाखरेचं ताक घेऊन गेली. बायकांची तोंडं वाकडी झाली. एक जण म्हणाली, "अक्का, म्हादेवाच्या दारात असला फराळ असतोय व्हय?"

"म्हादेवानं विख पचवलं बाई, मला साबुदाणा बी पचत न्हाई," अक्का म्हणाली. "हितं माझ्यासारख्या लई हायत. जरा बोटं टोचून बघा."

महिनाभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. अक्कानं पाळीही सोडली नाही आणि शेंगाही. लग्नाबारशात पुढ्यात आलेली चिवड्याची बशी ती सरळ परत करायची. चारचौघांत शोभा करते म्हणून मीच तिच्यावर कितीदा वैतागलो... आज त्याची मला लाज वाटते.

अक्का गेली त्या दिवशी मी दवाखान्यात पोचलो तर भाचा नेत्रदानासाठी फोन लावत होता. अक्कानं तसं सांगून ठेवलं होतं. आमचा एक चुलतभाऊ हसला. शुगरवाल्या म्हातारीचे डोळे कोण घेतंय, म्हणाला. माझा हात शिवशिवला. लातूरहून डॉक्टर आले, त्यांनी पापण्या उघडून नीट तपासलं. मीच भीत भीत विचारलं, चालतील का?

"चालतील की," ते म्हणाले. "चांगले हायत डोळे."

अक्काचे डोळे आता दुसरं कुणीतरी वापरतंय. वापरू दे, चांगली वीस वर्षं वापरू दे. शुगरच्या नाकावर टिच्चून.