पेनल्टीच्या आधी मला उचललं

फुटबॉलचा नियम असा आहे की मैदानात ज्याच्या दुखापतीवर उपचार झाले, त्याने बाहेर जायचं आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावरच आत यायचं. पण पेनल्टी मिळालेली असेल आणि ती मारणाराच जखमी असेल, तर त्याला बाहेर जावं लागत नाही. फवारा मारून घ्यायचा, उठायचं, मारायची. झोपेतून उठवून विचारलं तरी हा नियम मी सांगेन.

नाशिकला वसतिगृहात राहून मी कॉलेज करत होते. शेवटच्या वर्षी आमचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. आमच्या प्रशिक्षक सरांनी आधीच सांगितलं होतं, की राज्याच्या शिबिरासाठी आपल्यातून एकच मुलगी घेणार, मी किंवा आमची कॅप्टन. शिबिर मिळालं तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा होती. नाही मिळालं तर परीक्षा संपली की गावी, आणि गावी स्थळ बघून ठेवलेलं होतं. संघाच्या पेनल्ट्या मीच मारायचे, म्हणून मला फारशी काळजी नव्हती.

त्या दिवशी बा पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आला. मामाला घेऊन, पेठहून सकाळच्या एसटीने. मी फुशारून गेले होते.

गोल बरोबरीत होते. सामना संपत आला आणि गोलसमोर मला मागून पाडलं. पंचांनी शिट्टी वाजवून पेनल्टी दिली. घोटा ठणकत होता. औषधाची पेटी घेऊन आमचे सर आत आले. पंच वाकून म्हणाले, "तूच मारणार ना? मग इथेच थांब, बाहेर जाऊ नकोस." मी हो म्हटलं. सर फवारा मारत होते, पाय हलत होता. सगळं जमून आलं होतं.

आणि बा धावत आला, मागे मामा.

आमच्या पाड्यापर्यंत अजून धड रस्ता नाही. कुणी पडलं, कुणाला काही चावलं, की आधी उचलायचं आणि डांबरी रस्त्यापर्यंत पळत सुटायचं. विचारपूस नंतर. हे आमच्या माणसांच्या हातापायांत भिनलेलं आहे. दोघांनी मला खांद्याला आणि पायाला धरून उचललं. "बा, सोड! मला मारायचीय!" मी किंचाळत होते. "गप पड, बाय, लय लागलंय तुला," म्हणत त्याने मला रेषेपलीकडे नेऊन गवतावर ठेवलं. किती जपून ठेवलं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

मी लंगडत परत रेषेपाशी गेले. पंचांनी हात आडवा केला. बाहेर गेलीस, आता खेळ सुरू झाल्यावर ये. खेळ त्या पेनल्टीनेच सुरू व्हायचा होता. सर भांडले, मी हात जोडले. मारणाऱ्याला बाहेर जावं लागत नाही एवढंच नियमात आहे. तिला बापानेच उचलून नेलं तर काय, हे लिहायचं कुणाला सुचलेलं नाही.

कॅप्टनने मारली. गोल झाला. शिबिराला तीच गेली, आणि आज ती पोलिसात आहे. माझा घोटा आठवड्याभरात बरा झाला. आता मी सिन्नरच्या एका कारखान्यात खोकी बांधते, सासर तिथलंच.

माहेरी गेले की पाहुण्यांसमोर बा हटकून ती गोष्ट काढतो. पोरीचा पाय मी वाचवला, सगळे नुसते बघत उभे होते. मामा मान हलवतो. मी चहा देते.

यंदा मात्र राहवलं नाही. पाहुणे गेल्यावर मी त्याला तो नियम नीट समजावून सांगितला. पंच काय म्हणाले, मी कशासाठी ओरडत होते, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण तू पडली व्हतीस ना? मंग तुला तशीच ठिवायची व्हती का?"

त्याची चूक असती, तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.