गजभियेभाऊंच्या लाल वायरी

आमच्या कळमेश्वरच्या कारखान्यातली जुनी माणसं अजून भेटतात. बोलणं कोणाच्या मोतीबिंदूवरून सुरू होवो की सुनेवरून, शेवटी येतं गजभियेभाऊंवरच! किस्से इतके साचलेत, की खरे कुठले आणि आम्ही तिखटमीठ लावलेले कुठले, हे आता आम्हालाही सांगता येत नाही. हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलेले. सत्तरच्या दशकात मी तिथे टेलिफोन ऑपरेटर होते आणि भाऊ आमच्या छोट्या एक्स्चेंजचे मेकॅनिक.

*

एकदा बॉयलरवर रामटेके भाजला. दवाखान्याला फोन लावला, तर एंगेज! तिथला कंपाउंडर नागपूरच्या सासऱ्यांशी बोलत होता. रामटेके वाचला, पण भाऊंना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक्स्चेंजच्या मशीनमध्ये स्वतःची एक लाल वायर घातली. बॉयलरवरून फोन आला, की दवाखान्याचं चालू बोलणं आपोआप तुटायचं.

कंपाउंडर तक्रार घेऊन आला. भाऊ म्हणाले, "सासऱ्याले सांगा, जावई कामावर आहे!"

*

अशा वायरी वाढत वाढत चाळीस झाल्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली: कशासाठी, कधी, कोणामुळे. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दर वर्षी यायचा, नवे भाग बसवायचा आणि मशीनच्या नकाशात नसलेल्या सगळ्या वायरी उपटून जायचा! भाऊ निमूटपणे परत बसवत, पण एकेक तपासून.

मी म्हटलं, "होत्या तशाच लावा ना, भाऊ."

"काहून वं ताई? मशीन बदललं. मंग वायरीनं जुनंच काहून राहावं?"

*

भाऊ एका लग्नाला उमरेडला गेले आणि इकडे अर्धे फोन बंद! तिथल्या पोस्टात निरोप ठेवून मी त्यांना फोनवर गाठलं.

"रिसीव्हर मशीनजवळ धरा," म्हणाले. धरला. आत नुसती टकटक. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "तिसऱ्या रांगेतला सातवा रिले. कागदानं पुसा."

तो टकटक करणारा खटका पुसला. सगळे फोन सुरू! मला हात जोडावेसे वाटले. भाऊ तिकडून म्हणतात, "ठेवू का? पंगत बसून राहिली!"

*

एका वर्षी मुंबईहून कंपनीचा नवा इंजिनिअर आला. कारखान्याच्या साहेबांना म्हणाला, "या वायरी राहिल्या तर मशीनची जबाबदारी आमची नाही." साहेबांनी हुकूम सोडला: सगळ्या काढा, परत लावायच्या नाहीत.

भाऊंचा चेहरा उतरला. "बाकीच्या न्या. बॉयलरची तेवढी राहू द्या," एवढंच बोलले. मला रडू यायचं बाकी होतं.

इंजिनिअर कटर घेऊन बसला. बॉयलरच्या वायरीवरची चिठ्ठी त्यानं वाचली. रामटेकेच्या खाली आणखी पाच नावं होती, पाचही जण वेळेत दवाखान्यात पोचलेले. त्यानं कटर खाली ठेवला. म्हणाला, "आणि ही दुसरी कशाची?"

संध्याकाळपर्यंत दोघं जमिनीवर मांडी घालून एकेक चिठ्ठी वहीत उतरवून घेत होते.

दोन महिन्यांनी मशीनचा नवा छापील नकाशा आला. त्यात भाऊंच्या चाळीसही वायरी, लाल शाईत! आम्ही सगळे भोवती जमलो, साहेब स्वतः आले. भाऊंनी चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

"मस्त आहे जी. पण जुना झाला. परवाच तीन वायरी बदलल्या मी!"